वावडे, रक्त आणि साक्ष : माशांच्या ॲलर्जीच्या रक्तचाचणीचा इतिहास

मराठीतील 'वावडे' हा शब्द मोठा समतोल आहे. 'मला मासळी वावडी आहे' असे कोणी म्हणतो तेव्हा दोष मासळीचा की खाणाऱ्याचा, याचा निवाडा तो शब्द करीत नाही. दोघांचे जमत नाही, एवढेच सांगतो आणि थांबतो. म्हणूनच तो माणसांच्या व्यवहारातही सहज शिरला. कोणाला सत्याचे वावडे असते, कोणाला शिस्तीचे. 'ॲलर्जी' हा शब्द त्या मानाने अगदी अलीकडचा. परंतु आज तो खेड्यापाड्यांत 'वावड्या'ला मागे सारून बसला आहे. या बदलाबरोबर एक नवी अपेक्षाही आली. वावडे अनुभवाने कळत असे. ॲलर्जी 'तपासून' कळते. रक्ताची नळी भरून द्यावी, दोन-चार दिवसांत कागद हाती यावा, आणि त्यावर कॉड, कोळंबी, अंडे, दूध अशा नावांसमोर आकडे छापलेले असावेत.

हा कागद खरोखर काय सांगतो? तो लिहिण्याची भाषा कोणी, कोठे आणि कशी घडवली? आम्ही साहित्याचे अध्यापक. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु खुणेवरून अर्थाकडे जाण्याचा प्रश्न आमच्या रोजच्या कामाचा आहे, आणि या चाचणीचा इतिहास म्हणजे एका खुणेच्या शोधाचा इतिहास आहे. शिवाय ज्या भागात मासा हे केवळ अन्न नसून जात, व्यवसाय आणि नातेसंबंध यांचा धागा आहे, तेथे त्या कागदावरचा एक आकडा फार दूरवर परिणाम करतो. म्हणून या इतिहासाची सुरुवात आम्ही प्रयोगशाळेपासून न करता तळ्यापासून करीत आहोत.

तळ्यांचा मुलूख

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) हे झाडीपट्टीतील गाव. धानाची शेती, वैनगंगा-चुलबंदीचे पाणी आणि तलाव-बोड्यांची गर्दी, असा हा सारा टापू. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत आजचे दोन्ही जिल्हे एकच होते, आणि 'तलावांचा जिल्हा' ही ओळख दोघांची सामाईक आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. उताराची जाण, पाळ घालण्याचे कसब आणि ऊस-धानाची गरज यांतून हे जलशास्त्र उभे राहिले. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५० च्या मध्यप्रदेशातील कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी तलाव' हे त्यांचे सरकारी नाव. त्याचे लोकांनी 'मामा तलाव' करून टाकले. सरकारी संक्षेपातून असे घरगुती नाते क्वचितच जन्माला येते.

या तलावांतील पाणी शेतीचे असले तरी मासा ढिवरांचा. जाळे विणणे, मासेमारी, डोंगा चालवणे, शिंगाड्याची लागवड ही या समाजाची परंपरागत कामे. मरळ, मागूर, शिंगी अशी स्थानिक मासळी तलावांत होतीच. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यानंतर रोहू, कटला, मृगल यांचे बीज हवे तेवढे मिळू लागले आणि गावोगावच्या मच्छीमार संस्थांनी तलावांत तेच सोडले. ढिवराच्या ताटातला मासा त्यामुळे एका पिढीत बदलला. हा तपशील पुढे चाचणीच्या संदर्भात आपल्याला पुन्हा लागणार आहे.

जुनी जाण

मासा खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक होते. 'पित्त उठले' हा त्याचा लोकभाषेतील निर्वाळा. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची चर्चा येते. मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत, विशेषतः चिलिचिम नावाचा मासा दुधाबरोबर मुळीच नको, हा त्यातला प्रसिद्ध विधिनिषेध. आजही आपल्या घराघरांत मासळीच्या जेवणानंतर दूध मागणाऱ्या मुलाला दटावले जाते, त्याचे मूळ इतके लांब आहे.

परंतु याच परंपरेत आणखी एक कल्पना आहे, आणि ती आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते : सात्म्य आणि असात्म्य. एखादा पदार्थ सर्वांना अपायकारक असणे वेगळे, आणि एखाद्यालाच न मानवणे वेगळे. सात्म्याचा विचार व्यक्तीपासून सुरू होतो. गावातील सारे जण जो मासा सुखाने खातात, तोच एकाला का बाधावा? या प्रश्नाची जागा आपल्या वैद्यकाने ओळखली होती. उत्तर मात्र प्रकृतीच्या भाषेत होते; रक्तात बोट ठेवून दाखवता येईल असे नव्हते.

एक गमतीची विसंगती येथे नोंदवायला हवी. हैदराबादेत दरवर्षी मृगाच्या सुमारास बथिनी कुटुंबीय दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळीच्या तोंडात औषध घालून ती गिळायला देतात. त्यासाठी देशभरातून माणसे रांगा लावतात. त्या औषधाला शास्त्रीय पुरावा लाभलेला नाही. परंतु श्वास कोंडणाऱ्या रोगावर मासा हा उतारा, आणि मासा हेच श्वास कोंडण्याचे कारण, या दोन्ही समजुती एकाच समाजात सुखाने नांदतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शब्दांचा जन्म

युरोपात हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी वेगळ्याच वाटेने पुढे आला. मोनॅकोचा राजा पहिला अल्बेर याच्या जहाजावरून १९०१ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ सागरी जीवांच्या विषाचा अभ्यास करीत होते. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष थोड्या मात्रेत कुत्र्यांना टोचले. कल्पना अशी की प्राणी हळूहळू विषाला सरावेल. घडले उलटेच. पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या क्षुल्लक मात्रेने काही मिनिटांत मेला. संरक्षणाच्या विरुद्ध, म्हणून १९०२ साली 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द तयार झाला. या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०६ साली व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द सुचवला. ग्रीकमधील 'अन्य' आणि 'कार्य' या अर्थांच्या दोन शब्दांचा हा जोड. पिर्के यांना अभिप्रेत अर्थ होता 'बदललेला प्रतिसाद'. तो बदल हिताचा की अहिताचा, हे त्यांनी मोकळे ठेवले होते. म्हणजे जन्माच्या वेळी 'ॲलर्जी' हा शब्दही 'वावड्या'सारखाच तटस्थ होता. पुढे त्याचा अर्थ आकसला आणि तो केवळ दुखण्याचे नाव झाला. हिंदीने त्यासाठी 'प्रत्यूर्जता' हा संस्कृत पोशाख शिवला. बोलणाऱ्यांनी मात्र मूळ शब्दच वापरात ठेवला.

तिसरा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्यांना विशेष आवडावा. काही कुटुंबांतच दमा, परागज्वर आणि असली वावडी पिढ्यान्‌पिढ्या का येतात, याचा शोध घेणाऱ्या आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक या अमेरिकन वैद्यांना या प्रवृत्तीला नाव हवे होते. त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक एडवर्ड पेरी यांना गाठले. पेरी यांनी 'ॲटोपी' हा शब्द दिला : जे जागेवर नाही, जे विलक्षण आहे ते. १९२३ साली तो रूढ झाला. वैद्यकाला भाषेच्या अध्यापकाकडे उसना शब्द मागावा लागला, ही घटना आमच्यासारख्यांना थोडी सुखावणारी आहे, हे आम्ही लपवीत नाही.

ब्रेस्लाऊ, १९२१ : एका माशाची साक्ष

शब्द आले, पण त्या शब्दांमागचा पदार्थ कोठे होता? तो रक्तात असावा, असा एक पुरावा १९१९ साली न्यूयॉर्कमधून आला. रामिरेझ या वैद्याने एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थाला पंडुरोगासाठी रक्त चढवले होते. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी तो सेंट्रल पार्कमध्ये घोडागाडीतून फेरफटका मारायला गेला आणि त्याला दम्याचा झटका आला. पूर्वी असे कधी झाले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की रक्तदात्याला घोड्यांचे वावडे होते. रक्ताबरोबर वावडेही उसने आले होते.

हा योगायोगाने हाती आलेला पुरावा. ठरवून केलेला प्रयोग दोन वर्षांनी जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे झाला, आणि त्याच्या केंद्रस्थानी मासा होता. कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोन वैद्य. प्राउस्निट्झ यांना गवताच्या परागांनी शिंका येत. क्युस्टनर यांना मासा चालत नसे. आपले रोग हीच आपली प्रयोगसामग्री, असे मानून दोघे कामाला लागले. क्युस्टनर यांच्या रक्तद्रवात माशाचा अर्क मिसळून परीक्षानळीत पाहिले. काहीही घडले नाही. साका बसला नाही, कोणतीही प्रचलित परीक्षा लागू पडली नाही. नळीतील रक्त मुके राहिले.

मग क्युस्टनर यांचा थोडा रक्तद्रव प्राउस्निट्झ यांच्या पोटावरच्या त्वचेत टोचण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तेथे गांधी उठली, भोवती लाली पसरली. प्राउस्निट्झ स्वतः मासा खुशाल खाणारे. त्यांच्या त्वचेचा तेवढाच तुकडा क्युस्टनर यांच्यासारखा वागू लागला होता. उलट दिशेचा प्रयोग, म्हणजे प्राउस्निट्झ यांची परागांविषयीची संवेदना क्युस्टनर यांच्या अंगी उतरवणे, साधला नाही. पण एक दिशा पुरेशी होती. वावडे रक्तद्रवातून वाहून नेता येते, हे सिद्ध झाले. चार वर्षांनी कोका आणि ग्रोव्ह यांनी त्या अदृश्य द्रव्याला 'रिएजिन' म्हटले.

हा प्रयोग पुढची चार दशके 'पी-के परीक्षा' या नावाने जगभर वापरात होता. रुग्णाचा रक्तद्रव निरोगी माणसाच्या त्वचेत टोचायचा आणि त्या त्वचेला बोलते करायचे. रक्ताची भाषा वाचण्यासाठी दुसऱ्या माणसाचे शरीर लागत होते, ही गोष्ट आम्हांला या इतिहासातील सर्वांत मर्मभेदक वाटते. एकाचे दुखणे खरे की खोटे, याची साक्ष दुसऱ्याने आपल्या कातडीवर द्यायची. रक्तातून कावीळ आणि पुढे एड्ससारखे रोग पसरतात, हे स्पष्ट होत गेल्यावर ही पद्धत सोडून द्यावी लागली. आणि ते योग्यच झाले.

प्रयोगकर्त्यांचे पुढे काय झाले? नाझी सत्तेवर आल्यानंतर प्राउस्निट्झ यांनी जर्मनी सोडली. इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट बेटावर, व्हेंटनर या गावी, त्यांनी साध्या डॉक्टराचा व्यवसाय केला. आईचे इंग्रजी आडनाव त्यांनी आपल्या नावाला जोडून घेतले. क्युस्टनर स्त्रीरोगतज्ज्ञ झाले. दोघांचाही मृत्यू १९६३ सालचा. ब्रेस्लाऊ हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. रक्तातून एका देहाचे गुण दुसऱ्या देहात जातात, एवढे वस्तुनिष्ठपणे दाखवणाऱ्या माणसाला रक्ताच्या शुद्धतेचे वेड लागलेल्या राजवटीने देशोधडीला लावले. इतिहास असे विरोधाभास रचतो, तेव्हा लेखकाला त्यात भर घालण्याचे काम उरत नाही.

डेन्व्हर आणि उप्साला

'रिएजिन' म्हणजे नेमके काय, हे कळायला १९६६ साल उजाडले. डेन्व्हर येथील बालदमा संशोधन संस्थेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य काम करीत होते. रक्तातील प्रतिपिंडांचे तोपर्यंत ठाऊक असलेले वर्ग एकेक करून बाजूला सारत त्यांनी एका नव्या वर्गाकडे बोट दाखवले. त्यांच्या प्रयोगांतील त्वचा पुष्कळदा त्यांची स्वतःचीच असे. त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे गुन्नार योहानसन आणि हान्स बेनिक यांना अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन विपुल प्रमाणात सापडले. दोन्ही गटांनी आपापले नमुने ताडून पाहिले. पदार्थ एकच निघाला. १९६८ साली लोझान येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याचे 'आयजीई' असे बारसे झाले.

इतका काळ तो का सापडला नव्हता, याचे उत्तर त्याच्या प्रमाणात आहे. एक मिलिलिटर रक्तद्रवात आयजीजी हे नेहमीचे प्रतिपिंड सुमारे १० मिलिग्रॅम असते. आयजीई मात्र नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, मोजावे लागते. त्याचा मुख्य मुक्काम रक्तात नसतोच. ते त्वचेतील आणि श्लेष्मल आवरणांतील मास्ट पेशींना चिकटून बसते. माशाचे प्रथिन येऊन त्याला भिडले की पेशी हिस्टामिन सोडते आणि गांध्या, सूज, दम हे सारे सुरू होते. ब्रेस्लाऊच्या प्रयोगात एक दिवस थांबावे लागले, त्याचे मर्म येथे उलगडते. क्युस्टनर यांच्या आयजीईला प्राउस्निट्झ यांच्या पेशींवर बसायला तेवढा अवधी मिळाला होता.

उप्सालाच्या रुग्णाने विज्ञानाला हे प्रथिन मुबलक दिले, म्हणून ते ओळखणारे प्रतिद्रव्य बनवता आले, आणि १९६७ मध्येच लाइफ व्हिडे, बेनिक आणि योहानसन यांनी 'लॅन्सेट'मध्ये रक्तचाचणीची पद्धत प्रसिद्ध केली. रचना साधी होती. कागदाच्या चकतीवर माशाचे प्रथिन पक्के बसवायचे. तीवर रुग्णाचा रक्तद्रव ओतायचा. माशाला ओळखणारे आयजीई असेल तर ते चकतीला धरून राहील, बाकीचे धुऊन जाईल. मग किरणोत्सारी खूण लावलेले, आयजीईला चिकटणारे द्रव्य सोडायचे, पुन्हा धुवायचे आणि चकतीवर किती किरणोत्सार उरला ते मोजायचे. हीच 'रास्ट' चाचणी. १९७० च्या दशकात ती बाजारात आली. पुढे किरणोत्साराची जागा चमकणाऱ्या द्रव्यांनी घेतली, कागदाच्या चकतीची जागा स्पंजासारख्या माध्यमाने. तत्त्व तेच राहिले. ब्रेस्लाऊत दुसऱ्या माणसाची त्वचा जे सांगत होती, ते आता कागदाची चकती सांगू लागली. साक्षीदार बदलला.

माशातील नेमके काय?

चाचणीचा दुसरा पक्ष म्हणजे मासा. नॉर्वेत कॉड माशाचे वावडे असणारी मुले बरीच होती. ओस्लोचे शेल आस यांनी १९६० च्या दशकात त्या मुलांचा आणि कॉडच्या प्रथिनांचा चिकाटीने अभ्यास केला. पुढे सईद एलसायेद यांनी बेनिक यांच्यासह १९७५ साली त्या प्रथिनाची संपूर्ण रचना मांडली. ते पार्व्हाल्ब्युमिन ठरले. माशाच्या पांढऱ्या स्नायूत असणारे, कॅल्शियम धरून ठेवणारे, आकाराने लहान आणि उष्णतेला दाद न देणारे असे हे प्रथिन आहे. म्हणून मासा तळला, भाजला, रस्सा उकळला, तरी ज्याला वावडे आहे त्याची सुटका नाही. क्वचित शिजणाऱ्या माशाच्या वाफेनेही त्रास होतो.

कोळंबी, खेकडे यांचा मामला निराळा. आपण 'मासळी' म्हणून सारे एकाच टोपलीत घालतो. शरीर तसे करीत नाही. कोळंबीतील मुख्य दोषी प्रथिन ट्रोपोमायोसिन, आणि ते ओळखण्यात भारताचा वाटा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाने भारतीय कोळंबीवर काम केले, आणि १९९३ साली के. एन. शांती व सहकाऱ्यांच्या निबंधातून ही ओळख पक्की झाली. तेव्हा झिंगे न चालणाऱ्या माणसाला रोहू चालू शकतो, आणि याच्या उलटही घडू शकते.

कागदाचे वाचन

आता आपण दिघोरीकडे परतू. येथून रक्ताची नळी निघाली तर ती तालुक्याच्या संकलन केंद्रातून नागपूरला आणि कित्येकदा तेथून पुढे एखाद्या महानगरातील प्रयोगशाळेत जाते. परत येतो तो कागद. त्यावर 'मासा' म्हणून ज्याचा उल्लेख असतो, तो पुष्कळदा कॉड असतो : उत्तर अटलांटिकचा, या तलावाच्या पाण्याने कधीही न पाहिलेला. पार्व्हाल्ब्युमिन बहुतेक हाडांच्या माशांत सारखेपणाने आढळते, म्हणून कॉडची चाचणी इतरांविषयीही काहीतरी सांगते; परंतु सगळे सांगत नाही. कार्प माशाच्या प्रथिनावर आधारलेली चाचणी उपलब्ध आहे, आणि रोहू, कटला, मृगल हे त्याच कुळातील असल्याने ती येथील ताटाला अधिक जवळची. मरळ आणि मागूर मात्र त्या कुळाबाहेरचे. अनुवादाच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल. मूळ शब्द एका भूगोलाचा, आणि वाचायचा दुसऱ्या भूगोलात.

याहून मोठी अडचण अर्थाची आहे. रक्तात आयजीई सापडणे म्हणजे शरीराने तो मासा 'ओळखला' आहे, इतकेच. ओळखणे म्हणजे आजारी पडणे नव्हे. कर्नाटकात प्रौढांमध्ये झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप्रिव्हॉल पाहणीत सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले. संभाव्य अन्न-ॲलर्जी मात्र १.२ टक्क्यांतच होती. या दोन आकड्यांमधील दरी म्हणजेच चुकीच्या वाचनाची जागा. केवळ कागदावर विसंबले, तर अनेक जण विनाकारण पथ्याच्या कोठडीत जातील.

अमेरिकेत ह्यू सॅम्पसन यांनी १९९७ साली मुलांचा अभ्यास करून काही आकडे सुचवले. माशासाठी तो प्रतिलिटर २० किलोयुनिट होता. त्याहून वरचे मूल्य आले तर खरी ॲलर्जी असण्याची शक्यता अतिशय मोठी. परंतु हा आकडा तेथील, त्वचारोगाने पीडित आणि तज्ज्ञांकडे पोहोचलेल्या मुलांवरून काढलेला. लाखांदूर तालुक्यातील मुलाला तो जसाच्या तसा लावणे म्हणजे एका भाषेचे व्याकरण दुसरीवर लादणे. शेवटचा निर्णय आजही दोनच गोष्टी देतात. एक म्हणजे रुग्णाची हकीकत : कोणता मासा, किती वेळाने, काय झाले, पुन्हा झाले का. दुसरी, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत रुग्णालयात तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहणे. रुग्ण आणि वैद्य दोघांनाही नेमके काय दिले आहे ते ठाऊक नसावे, ही शिस्त चार्ल्स मे यांनी १९७६ साली आग्रहाने मांडली. घरी असले प्रयोग करणे जिवावर बेतू शकते, हे सांगायला नकोच.

चाचणी जे पाहतच नाही, तेही लक्षात ठेवले पाहिजे. बांगडा, ट्यूना अशा समुद्री माशांची साठवण बिघडली की त्यांच्या मांसातच हिस्टामिन तयार होते. खाणाऱ्याला ॲलर्जीसारखीच लक्षणे होतात, पंक्तीतल्या अनेकांना एकदम होतात, आणि रक्तात आयजीई काहीच नसते. तो दोष माशाच्या साठवणुकीचा, खाणाऱ्याच्या रक्ताचा नव्हे. तसेच 'आयजीजी' मोजून शंभर पदार्थांची लांबलचक यादी हाती देणाऱ्या चाचण्या बाजारात विकल्या जातात. युरोपीय ॲलर्जी अकादमीने २००८ सालीच स्पष्ट केले की अन्नाविरुद्धचे आयजीजी-४ हे ते अन्न खाल्ल्याचे लक्षण आहे, वावड्याचे नव्हे. जो मासा खातो त्याच्या रक्तात माशाची आठवण असणारच.

पणाला काय लागले आहे

ढिवराच्या घरातील मुलाच्या ताटातून मासा काढून घेणे म्हणजे काय, याचा विचार महानगरातील प्रयोगशाळेला करावा लागत नाही. जेथे डाळ विकत आणावी लागते आणि मासा जाळ्यातून येतो, तेथे स्वस्तातले सकस अन्न जाते. त्याहून अधिक काही जाते. मूल जाळ्याला हात लावायला भिते, आई मासे निवडताना त्याला दूर बसवते, सणासमारंभाच्या पंगतीत त्याचे पान वेगळे वाढले जाते. पंगतीतून पान वेगळे होण्याचा अर्थ आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. खरे वावडे असलेल्या मुलाला 'नखरे करतो', 'खाऊन खाऊन सवय होईल' असे म्हणणारी घरेही आहेत. सरावाने विष पचेल, हीच रिशे यांची मूळ कल्पना होती, आणि कुत्रा मेला होता. ज्या घराचे सारे जगणे माशावर, तेथे माशाचे वावडे कबूल करणे म्हणजे जणू कुळाशी बेइमानी. म्हणून मूल त्रास लपवते. अशा वेळी रक्ताचा कागद त्याच्या बाजूने उभा राहतो. तो म्हणतो, हे मूल खोटे बोलत नाही. घसा आवळू लागला, श्वास कोंडला, तर मांडीत वेळेवर टोचलेले ॲड्रेनलिन हाच खरा उपाय आहे, आणि जवळच्या आरोग्य केंद्रापर्यंतचे अंतर हा तेव्हा मिनिटांचा हिशेब असतो.

म्हणजे एकच कागद एका मुलाचे अन्न हिरावू शकतो आणि दुसऱ्याचा जीव वाचवू शकतो. फरक कागदात नाही, वाचनात आहे. क्युस्टनर यांचे रक्त नळीत मुके होते. त्याला बोलते केले ते दुसऱ्या माणसाने आपले अंग पुढे केल्यामुळे. आज चकती बोलते, यंत्र आकडा छापते, आणि ऐकणारा माणूस नसला तरी काम भागते, असा आपला समज झाला आहे. तो समज धोक्याचा आहे. रक्ताची साक्ष ग्राह्य धरावी. परंतु उलटतपासणीशिवाय कोणतीही साक्ष पुरी होत नाही, आणि ती उलटतपासणी रुग्णाच्या शब्दांतच व्हायला हवी. झाडीबोलीत सांगितलेली हकीकत नागपूरच्या दवाखान्यात नीट ऐकली गेली पाहिजे, 'आंग उठला' म्हणजे काय हे विचारले गेले पाहिजे. 'वावडे' या शब्दाचा तो जुना समतोल, जो घाईने कोणालाच दोषी ठरवत नाही, त्या वेळी डॉक्टराच्याही कामी येईल.